परिशिष्टातली अट

माझ्याकडे येणारा प्रत्येक करारनामा मी शेवटाकडून वाचायला घेते. पहिल्या पानांवर दोन्ही पक्षांची नावे, रक्कम, मुदत आणि उद्देश असतो, आणि तो उद्देश इतक्या उदात्त शब्दांत लिहिलेला असतो की त्यावर कोणाचाच आक्षेप असू शकत नाही. परिशिष्टांत मात्र प्रत्यक्ष व्यवहार असतो. कोणत्या जिल्ह्यात खर्च करता येईल, एका लेखाशीर्षातून दुसऱ्या लेखाशीर्षात किती टक्के रक्कम न विचारता वळवता येईल, दुसरा हप्ता कधी सुटेल, गोदामाचे भाडे कोणी द्यायचे आणि पोत्यांवर कोणाचा ध्वज छापायचा, हे सगळे तिथे ठरते. एखाद्या मुलापर्यंत मदत वेळेवर पोहोचेल की नाही, हे पुष्कळदा त्या शेवटच्या दहा पानांत ठरलेले असते, असे मी आता अनुभवाने म्हणू शकते.

मुलांसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेत सरकारी भागीदारी आणि निधी हा विभाग मी सांभाळते. सप्टेंबर २०११ मध्ये मी नैरोबीच्या कार्यालयात रुजू झाले आणि तेव्हापासून सोमालिया, केनिया आणि इथिओपिया या तीन देशांतल्या कामासाठी निरनिराळ्या सरकारांशी करार करणे, ते पाळले जात आहेत हे पाहणे आणि त्यांचे हिशेब वेळेवर पाठवणे, हे माझे काम आहे. नातेवाइकांना मी ‘देणग्या गोळा करते’ असे वाटते. त्यांची समजूत अगदीच चुकीची नाही, परंतु पैसा मिळवणे हा या कामाचा लहान भाग आहे. तो कोणत्या अटीवर मिळतो, यावर माझा बहुतेक वेळ जातो, आणि आज मला त्याविषयीच लिहायचे आहे.

या क्षेत्रातील पैशाचे दोन मूलभूत प्रकार आहेत आणि महाराष्ट्रातल्या कोणत्याही ग्रामपंचायत सदस्याला ते समजावून सांगावे लागणार नाहीत. वित्त आयोगाचा निधी गावात येतो तेव्हा त्याचा एक भाग ‘बंधित’ असतो, तो पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करावा लागतो. दुसरा भाग ‘अबंधित’ असतो, तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येतो. आमच्याकडेही नेमके असेच आहे. एखादे सरकार संस्थेच्या एकूण कार्याला पैसा देते आणि तो कुठे लागतो ते संस्थेवर सोपवते, तो अबंधित निधी. अमुक देशातील अमुक जिल्ह्यात, अमुक वयाच्या इतक्या मुलांसाठी, इतक्या महिन्यांत, असे बांधून दिलेला तो बंधित निधी. या दोहोंच्या मध्ये ‘शिक्षण’ किंवा ‘पोषण’ अशा एखाद्या विषयापुरता सैल बांधलेला निधीही असतो. अनेकांना वाटते की युनिसेफसारख्या संस्थेला संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजपत्रकातून ठरलेला वाटा मिळत असेल. प्रत्यक्षात ११ डिसेंबर १९४६ रोजी स्थापन झाल्यापासून युनिसेफ संपूर्णपणे स्वेच्छेने दिलेल्या निधीवर चालते; सरकारांनी दिला तर पैसा आहे, नाही दिला तर नाही. खासगी पायावर उभ्या असलेल्या, म्हणजे १९१९ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या सेव्ह द चिल्ड्रन किंवा १९३७ मध्ये स्पेनमधल्या युद्धग्रस्त मुलांसाठी सुरू झालेल्या प्लॅन इंटरनॅशनल यांसारख्या संस्थांना सामान्य नागरिकांच्या नियमित देणग्यांचा आधार असतो, पण मोठ्या आपत्तीत त्यांनाही सरकारांच्या दारात जावेच लागते.

माझे बालपण पिंपरीच्या एचए कॉलनीत गेले. बाबा हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये होते. कारखान्याचा भोंगा, त्या परिसरातला विशिष्ट आंबूस वास आणि पावसाळ्यात गर्द होणारी झाडी, हेच त्या वयात आमचे जग होते. तो कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला, सरकारी क्षेत्रातला देशातला तो पहिला औषधनिर्मितीचा कारखाना, आणि त्याच्या उभारणीत जागतिक आरोग्य संघटनेचे तंत्रसाहाय्य आणि युनिसेफने दिलेली यंत्रसामग्री होती, हे मला नोकरीला लागल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जुन्या करारांविषयी वाचताना कळले. मुलांसाठीच्या निधीतून पेनिसिलिनच्या टाक्या का घ्याव्यात, असा प्रश्न तेव्हाही कोणीतरी विचारला असणारच. बाहेरून औषधाच्या कुप्या आणून वाटणे सोपे होते, आणि किती मुलांना त्या मिळाल्या तो आकडाही लगेच दाखवता आला असता. पण पैसा देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्या सरकारने मिळून पुढच्या पिढ्यांचा विचार केला.

त्याच काळात आणंदलाही असेच घडले. खेडा जिल्ह्याच्या दूध संघाला दूध भुकटीच्या कारखान्यासाठी युनिसेफने यंत्रे दिली, १९५५ मध्ये तो सुरू झाला, आणि त्या मदतीला जोडलेली अट अशी होती की संघाने जिल्ह्यातल्या गरजू मुलांना मोफत दूध द्यावे. त्या अटीचे स्वरूप मी पुन्हा पुन्हा आठवते. घेणाऱ्याने देणाऱ्याचे नाव लावावे असे तिच्यात नव्हते. घेणाऱ्याने स्वतःचेही काहीतरी मुलांसाठी घालावे, असे होते. त्यामुळे ते काम पाहुण्यांचे राहिले नाही, घरचे झाले.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशातले आहे. १९६६-६७ च्या दुष्काळानंतर कठीण खडकात भोक पाडणारी यंत्रे युनिसेफने भारतात आणली आणि हजारो गावांत विंधनविहिरी झाल्या. पैसा होता, यंत्रे होती, सरकारशी करार होता. परंतु विहिरीवर बसवलेला हातपंप कोण दुरुस्त करणार, याविषयी त्या व्यवस्थेत कोणाचीच पक्की बांधिलकी नव्हती. घरगुती वापरासाठी बनवलेले बिडाचे पंप शेकडो माणसांच्या हाताखाली टिकेनात, आणि सत्तरच्या दशकात पाहणी झाली तेव्हा त्यांतले बहुसंख्य बंद पडलेले आढळले. उत्तर सापडले ते आपल्या मराठी मुलखात. जालना आणि सोलापूर इथल्या मिशनच्या लोकांनी स्थानिक कारागिरांबरोबर पोलादी, एकाच खांबावर उभा राहणारा मजबूत पंप घडवला होता. त्या सोलापूर पंपावरून भारत सरकार, युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ‘इंडिया मार्क २’ तयार केला, त्यावर कोणाचेही स्वामित्व ठेवले नाही, आणि तो पुढे आफ्रिकेतही गेला. उत्तर केनियात आणि युगांडात मी तो पंप पाहिला आहे. सोलापूरचे नाव तिथे कोणाला ठाऊक नाही, पण दांडा खाली दाबताना होणारा आवाज आपल्या गावातल्यासारखाच आहे. आमच्या नवख्या सहकाऱ्यांना मी ही गोष्ट आवर्जून सांगते, कारण करारात जे लिहिलेले नसते त्याची जबाबदारी कोणावरच नसते, हे समजायला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आता सोमालियाविषयी, कारण माझे खरे शिक्षण तिथे झाले. २०१० च्या ऑक्टोबर ते डिसेंबरमधला ‘देयर’ हा पाऊस तिथे फसला आणि पुढच्या वर्षीच्या एप्रिल ते जूनमधला ‘गू’ हा मुख्य पाऊसही अपुरा झाला. धोक्याच्या सूचना २०१० पासूनच येत होत्या. २० जुलै २०११ रोजी दक्षिण बकूल आणि लोअर शबेले या भागांत दुर्भिक्ष अधिकृतपणे जाहीर झाले, आणि त्यानंतर जगभरातून पैसा आला. ऑक्टोबर २०१० ते एप्रिल २०१२ या काळात त्या दुर्भिक्षात सुमारे २ लाख ५८ हजार माणसे मरण पावली, त्यांतली सुमारे १ लाख ३३ हजार पाच वर्षांखालील मुले होती, असा अंदाज २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दिला. मृत्यूंचे प्रमाण मे महिन्यापासून, म्हणजे घोषणेच्या आधीच, शिगेला पोहोचले होते. मी सप्टेंबरमध्ये रुजू झाले तेव्हा आमच्याकडे पैसा भरपूर येत होता, आणि ज्यांच्यासाठी तो हवा होता त्यांतली कितीतरी मुले तोवर गेलेली होती. त्या कार्यालयातले वातावरण मी विसरू शकत नाही. कोणी एकमेकांना दोष देत नव्हते, पण कोणी एकमेकांच्या नजरेला नजरही देत नव्हते.

पैसा उशिरा का आला, याचे एक उत्तर उदासीनता हे आहे, आणि ते खरे असले तरी पूर्ण नाही. दुसरे उत्तर अटींमध्ये होते. अल-शबाब या संघटनेला अमेरिकेने २००८ मध्ये दहशतवादी संघटनांच्या यादीत घातले होते, आणि अशा संघटनेला कोणत्याही मार्गाने लाभ झाला तर देणाऱ्यावर खटला होऊ शकेल असा तिथला कायदा होता. दक्षिण सोमालियाचा मोठा भाग याच संघटनेच्या ताब्यात होता आणि तिथे रस्त्यावरच्या नाक्यावर कर द्यावा लागे. परिणामी त्या भागातल्या मदतीचा अमेरिकी निधी २००८ नंतर खूप घटला. अल-शबाबच्या धमक्या आणि जाचक मागण्या यांमुळे जागतिक अन्न कार्यक्रमालाही जानेवारी २०१० मध्ये दक्षिणेतून माघार घ्यावी लागली होती. म्हणजे दोन्ही बाजूंच्या अटींमध्ये मुले सापडली होती. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने मार्च २०१० मध्ये १९१६ क्रमांकाच्या ठरावाने सोमालियावरच्या निर्बंधांतून मानवतावादी मदतीला सवलत दिली, पण तिच्यामुळे अमेरिकेचा देशांतर्गत कायदा बदलत नव्हता. तिथली बंधने सैल झाल्याची घोषणा ऑगस्ट २०११ मध्ये, दुर्भिक्ष जाहीर झाल्यानंतर, आली. ९ डिसेंबर २०२२ रोजी २६६४ क्रमांकाच्या ठरावाने सुरक्षा परिषदेच्या सर्वच निर्बंधव्यवस्थांना अशी सवलत लागू झाली. तो ठराव मंजूर झाल्याची बातमी वाचून मी जागेवरून उठून बाहेर गेले आणि थोडा वेळ एकटीच उभी राहिले. बारा वर्षांपूर्वी ही चार वाक्ये कोणी लिहिली असती तर, हा विचार मनातून जाईना.

माझ्या स्वतःच्या हातून झालेली चूक २०१७ ची आहे. पुन्हा दुष्काळ होता, आणि या वेळी देणाऱ्या सरकारांनी वेळेवर हालचाल केली होती. एका सरकारशी आम्ही तीव्र कुपोषित मुलांच्या उपचारकेंद्रांसाठी करार केला. प्रस्तावात दोन जिल्ह्यांची नावे होती, मी ती तशीच करारात घेतली आणि ‘तसेच या जिल्ह्यांतून स्थलांतरित झालेली कुटुंबे जिथे असतील तिथे’ हे एक वाक्य घालायचे राहून गेले. पैसा आला तोवर त्या गावांतली माणसे गुरे मेल्यावर बैदोआ शहराभोवतीच्या छावण्यांत निघून गेली होती. मुले तीच होती, आजार तोच होता, आणि करारातल्या गावांत उपचारकेंद्रे ओस पडली होती. मी त्याच दिवशी दुरुस्तीचा अर्ज पाठवला. पलीकडच्या अधिकारी बाईंना परिस्थिती पूर्णपणे समजली होती, पण भौगोलिक बदलाला त्यांच्या राजधानीतून लेखी मंजुरी लागत होती, आणि ती यायला अकरा आठवडे लागले. त्या अकरा आठवड्यांत बैदोआमधले आमचे केंद्र चालले ते सामान्य माणसांनी दरमहा दिलेल्या छोट्या रकमांमधून जमलेल्या अबंधित निधीवर. तो निधी नसता तर काय झाले असते, हे मी माझ्या वरिष्ठांना लिहिलेल्या टिपणात नोंदवले आहे, आणि त्या टिपणाची प्रत आजही माझ्या खणात आहे.

ज्याने हे काम जवळून पाहिलेले नाही त्याला ११ आठवडे ही संख्या कदाचित मोठी वाटणार नाही. तीव्र कुपोषित मुलाला दाणे, दूधभुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वे यांची जी पेस्ट दिली जाते तिचे एक पाकीट ९२ ग्रॅमचे असते आणि त्यात सुमारे ५०० कॅलरी असतात. एका मुलाचा उपचार सहा ते आठ आठवडे चालतो आणि त्याला साधारण एक खोके, म्हणजे १५० पाकिटे, लागतात. अकरा आठवडे म्हणजे एका मुलाचा उपचार सुरू होऊन, पूर्ण होऊन, ते मूल पुन्हा चालू-खेळू लागण्याएवढा काळ.

तरीही अटी घालणाऱ्यांविषयी माझ्या मनात कडवटपणा नाही, हे मला स्पष्ट लिहायचे आहे. सरकारी निधी म्हणजे कोणाच्या तरी पगारातून कापलेला कर असतो, आणि ज्या अधिकाऱ्यासमोर मी बसते त्याला त्याच्या संसदेत, त्याच्या महालेखापालांपुढे उत्तर द्यायचे असते. पैशाची अफरातफर झालेली आहे, मुलांशी गैरवर्तन झालेले आहे, आणि २०१८ नंतर बालसुरक्षेची कलमे करारांत कडक झाली ती योग्य कारणांसाठी झाली. अशा कलमांवर मी कधीही घासाघीस केलेली नाही. माझा आग्रह त्या अटींविषयी असतो ज्या मुलाचे रक्षण करत नाहीत आणि कराचा पैसाही वाचवत नाहीत. उदाहरणार्थ, ध्वज आणि बोधचिन्ह लावण्याची अट. शांत प्रदेशात तिला हरकत असण्याचे कारण नाही, पण जिथे एखाद्या देशाचा ध्वज पाहून गाडीवर गोळीबार होऊ शकतो तिथे ती चालकाच्या जिवावर येते, आणि तिच्यातून सूट मिळवण्यासाठी दरवेळी वेगळा अर्ज करावा लागतो. किंवा अप्रत्यक्ष खर्चाचा प्रश्न. युरोपीय संघ साधारणपणे ७ टक्क्यांपर्यंत असा खर्च देतो, युनिसेफ बंधित निधीवर सहसा ८ टक्के आकारते. लोकांना वाटते, एवढाही पैसा कार्यालयावर का घालवावा? पण लेखापाल, गोदामपाल, रात्री फोन उचलणारा सुरक्षा अधिकारी आणि तक्रारी ऐकून घेणारी बाई यांचे पगार त्याच टक्केवारीतून निघतात, आणि ती माणसे नसतील तर वर उल्लेखलेल्या अफरातफरीला वाट मोकळी होते. ‘सगळा पैसा थेट मुलांसाठी’ ही घोषणा ऐकायला चांगली वाटते, आणि तिने मुलांचे नुकसान होते.

आमच्या वर्षाला एकच ‘मार्च एंड’ नसतो. ब्रिटन आणि जपान यांचे आर्थिक वर्ष मार्चअखेरीस संपते, ऑस्ट्रेलियाचे ३० जूनला, अमेरिकेचे ३० सप्टेंबरला, आणि नॉर्डिक देशांचे व जर्मनीचे डिसेंबरअखेरीस. या प्रत्येक तारखेच्या आधी काही आठवडे एखाद्या राजधानीतून दूरध्वनी येतो की थोडा निधी शिल्लक आहे, खर्च करू शकाल का? दुष्काळाचे वेळापत्रक मात्र देयर आणि गू या पावसांवर चालते. ही दोन वेळापत्रके जुळवणे हे माझ्या कामातले सर्वांत कंटाळवाणे आणि, मला वाटते, सर्वांत उपयोगाचे कौशल्य आहे.

भारताच्या बाजूने पाहिले तर घेणाऱ्या देशाच्या अटीही तितक्याच निर्णायक असतात. विदेशी अंशदान (विनियमन) कायदा २०१० मध्ये सप्टेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. तेव्हापासून परदेशी निधी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावा लागतो, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, आणि मिळालेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देण्यावर पूर्ण बंदी आली. संयुक्त राष्ट्रांच्या संस्था या कायद्यातल्या ‘विदेशी स्रोत’ या व्याख्येत येत नाहीत. इतर सर्वांना तो लागू आहे. पारदर्शकतेचा हेतू मला मान्य आहे, पण शेवटच्या बंदीचा परिणाम मेळघाटातल्या किंवा धडगावच्या छोट्या संस्थेवर होतो. तिच्याकडे स्वतंत्र नोंदणी आणि दिल्लीशी पत्रव्यवहार करणारी माणसे नसतात, आजवर ती मोठ्या संस्थेच्या हाताला धरून काम करत होती. आणि विसंगती पाहा. २०१६ मध्ये इस्तंबूलच्या जागतिक मानवतावादी परिषदेत मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी २०२० पर्यंत किमान २५ टक्के निधी शक्य तितक्या थेट स्थानिक संस्थांना देण्याचे वचन दिले. ते वचन पाळले गेले नाही, आणि आपल्याकडे ते पाळण्याची एक वाट कायद्यानेच बंद झाली.

महाराष्ट्रात याहून वेगळी, मला फार मोलाची वाटणारी भागीदारी झालेली आहे. २००५ मध्ये राज्य सरकारने तेव्हाच्या औरंगाबादेत पोषण मिशन सुरू केले, देशातले अशा प्रकारचे पहिले, आणि पुढे त्याला राजमाता जिजाऊंचे नाव मिळाले. अंगणवाड्या राज्याच्या, सेविका राज्याच्या, पूरक आहाराचा पैसा सरकारचा. युनिसेफची मदत त्या मानाने छोटी होती आणि ती प्रशिक्षण, तांत्रिक सल्ला आणि पाहणी यांसाठी होती. २०१२ मध्ये मुंबईच्या देवनार इथल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राज्याची सर्वंकष पोषण पाहणी केली आणि दोन वर्षांखालील मुलांमधले खुंटलेल्या वाढीचे प्रमाण २००५-०६ च्या तुलनेत स्पष्टपणे घटलेले दिसले. आपले सरकार स्वतःच स्वतःची परीक्षा घेते आणि निकाल छापते, ही अट पैशाने विकत घेता येत नाही. पण हा विषय इथे थांबवून समाधान मानता येत नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या पाच वर्षांखालील मुलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३५ टक्के आहे, आणि चौथ्या सर्वेक्षणाच्या तुलनेत ते कमी झालेले नाही.

२०२५ हे वर्ष आमच्या क्षेत्रात कोणी विसरणार नाही. २० जानेवारीला अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवण्याचा आदेश काढला; मार्चमध्ये बहुतेक कार्यक्रम रद्द झाल्याचे जाहीर झाले, आणि १ जुलैपासून यूएसएड ही परदेशी मदत देणारी अमेरिकी सरकारची यंत्रणा स्वतंत्रपणे अस्तित्वात राहिली नाही. त्याच्या आदल्या वर्षी जगातल्या नोंदवलेल्या मानवतावादी निधीपैकी सुमारे ४० टक्के एकट्या अमेरिकेकडून आला होता. ब्रिटनने राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचे वचन २०१५ मध्ये कायद्यात घातले होते, २०२१ मध्ये ते ०.५ वर आणले, आणि आता २०२७ पर्यंत ०.३ वर आणण्याचे जाहीर केले आहे. या संकटात आम्हाला एक गोष्ट नीट पाहावी लागली. करारांत आम्ही निधी कसा वापरू याविषयी पानेच्या पाने होती; देणाऱ्याने तो मध्येच थांबवला तर उपचाराखाली असलेल्या मुलांचे काय, याविषयी बहुतेक ठिकाणी ‘देणगीदाराच्या सोयीनुसार करार संपुष्टात आणता येईल’ एवढे एक वाक्य होते. त्या वाक्यावर आम्ही सर्वांनी वर्षानुवर्षे सह्या केल्या होत्या. मीही केल्या होत्या, कारण ते कधी वापरले जाईल असे वाटले नव्हते.

२०२२ मधली एक गोष्ट मला या सगळ्यात आठवत राहते. सोमालियात तेव्हा सलग पाच पाऊस फसले होते आणि दुर्भिक्ष जाहीर होईल असा अंदाज होता. पैसा आला, त्यातला मोठा भाग अमेरिकेचाच होता, आणि दुर्भिक्ष टळले. तरीही त्या एका वर्षात सुमारे ४३ हजार अतिरिक्त मृत्यू झाले आणि त्यांतले निम्मे पाच वर्षांखालील मुलांचे असावेत, असे नंतरच्या अभ्यासाने सांगितले. टळलेले संकट म्हणजे काय, हे मी त्या आकड्यावरून शिकले. आणि ज्या देशाने तेव्हा सर्वाधिक दिले त्याच देशाने तीन वर्षांनी हात आखडता घेतला, म्हणून त्या वेळी वाचलेल्या मुलांची किंमत कमी होत नाही.

गेल्या आठवड्यात एका युरोपीय सरकारचा तीन वर्षांच्या कराराचा मसुदा आला. मी तो शेवटाकडून वाचला. आम्ही मूळ प्रस्तावात दोन कलमे घातली होती. पाऊस फसल्याचे निश्चित होताच एकूण रकमेच्या १० टक्के रक्कम नवीन मंजुरीशिवाय आपत्कालीन कामाकडे आणि स्थलांतरित कुटुंबे असतील त्या जिल्ह्यांकडे वळवता यावी, हे पहिले. करार मध्येच संपवायचा झाल्यास उपचार सुरू असलेल्या प्रत्येक मुलाचा उपचार पूर्ण होईपर्यंतचा खर्च देणाऱ्याने द्यावा, हे दुसरे. पहिले कलम त्यांनी ठेवले आहे. दुसऱ्यावर रेघ मारली आहे आणि शेजारी ‘कायदा विभागाचे मत घ्यावे’ असे लिहिले आहे. मी ते कलम पुन्हा घातले, उपचाराचा कमाल काळ आठ आठवडे आणि एका मुलामागे एक खोके असा हिशेब खाली जोडला, म्हणजे कायदा विभागाला ती बांधिलकी किती लहान आहे ते दिसेल, आणि शुक्रवारी मसुदा परत पाठवला. त्यांचे उत्तर अजून आलेले नाही.